कडेची फट

माणूस अखेर उभा असतो तो पायाखालच्या जमिनीवर. ती खंबीर असेल तर वरचं सगळं आपोआप सावरतं. हे वाक्य कुणा तत्त्वज्ञाचं नव्हे. फरशीखाली घालायच्या मेंब्रेनच्या माहितीपत्रकावर ते पहिल्याच पानावर छापलेलं होतं, आणि त्याच्याखाली एका बाईचे अनवाणी पाय होते. घोट्यांच्या वर बाई नव्हती. धाकट्याला ते वाक्य तोंडपाठ होतं. सव्वाचार वर्षांपूर्वी कंपनीनं तीन दिवसांचं प्रशिक्षण ठेवलं होतं, तेव्हा शिकवणारा माणूस रोज सकाळी ते सगळ्यांकडून म्हणून घ्यायचा, शाळेत प्रार्थना म्हणून घेतात तसं, आणि चाळीस मिस्त्री गुडघ्यांवर हात ठेवून ते म्हणायचे. आत्ता ते त्याला आठवायचं काही कारण नव्हतं. तो एका परक्या घराच्या स्वयंपाकघरात रांगत होता, उजव्या हातात दातेरी थापी होती, समोर ओढलेला मसाला वीस मिनिटांत वाळणार होता, आणि खांदा व कान यांच्यामध्ये दाबून धरलेल्या फोनमधून त्याचा थोरला भाऊ म्हणाला होता, "तुझी फरशी वर आली."

पाच महिन्यांपूर्वी ती घातली तेव्हा ती आपली फरशी होती. दादा तेव्हा फोन करकरून विचारायचा, आपली फरशी कुठवर आली, आपल्या फरशीला रंग कुठला शोभेल. मग ती पूर्ण झाली आणि थंडीत तापायला लागली, तेव्हा ती दादाची फरशी झाली. पाहुणे यायचे, बूट काढायचे, बाथरूममध्ये ओळीनं उभे राहायचे आणि म्हणायचे, वा, तुमची फरशी. आता ती उचलली गेली होती, म्हणून ती धाकट्याची झाली होती. वस्तू बिघडली की खरा मालक सापडतो, असं म्हणून त्यानं थापी बादलीत टाकली. म्हणाला मनातच, मोठ्यानं तो एवढंच म्हणाला, "किती आली?" "दोन लाद्या मधोमध तंबूसारख्या उभ्या राहिल्यात. कंपनीचा माणूस बोलावलाय. अकराला येईल. तू ये म्हणजे झालं." ये म्हणजे झालं. जणू तो आला की फरशी शरमेनं खाली बसणार होती. घरमालकिणीला त्यानं सांगितलं, घरी अडचण आहे, दुपारी येतो. ती म्हणाली, "कुणी आजारी आहे का?" तो म्हणाला, "फरशी." तिनं सहानुभूतीनं मान हलवली, ती कशाला हे तिलाही कळलं नसावं.

बसमध्ये त्यानं हत्यारांची पेटी मांडीवर घेतली आणि भांडायला सुरुवात केली. शेजारच्या गृहस्थानं पेटीचा कोपरा आपल्या बरगडीपासून दोन बोटं लांब सरकवला, त्याच्याशीही तो मनात भांडला. मूळ भांडण दादाशी होतं आणि ते त्याला पाठ होतं. अठ्ठावीस दिवस. लाद्या बसवल्या, सांधे भरले, की अठ्ठावीस दिवस खालची, फरशी तापवणारी केबल चालू करायची नाही. मसाल्यातलं पाणी आपल्या गतीनं जायला हवं. घाई केली की तो खालून सुटतो. हे त्यानं दादाला तोंडी सांगितलं होतं, वहिनींना सांगितलं होतं, आईला सांगितलं होतं, आणि एका कागदावर लिहूनही दिलं होतं. आणि दादानं केबल तिसऱ्या दिवशी चालू केली असणार. नक्कीच केली असणार. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाहुणे आले होते ना. पाहुणे आले आणि दादानं बटण दाबलं नाही, हे सूर्यानं पश्चिमेला उगवण्यासारखं झालं. धाकट्यानं वाक्य तयार केलं: अठ्ठावीस दिवस म्हणजे अठ्ठावीस दिवस, दादा, तुमच्या ऑफिसातले कामाचे दिवस नव्हेत. मग ते त्याला लांब वाटलं. त्यानं दुसरं तयार केलं: तुला धीर नव्हता. हे चांगलं होतं. हे बापाच्या तोंडी शोभलं असतं. तो ते तीन थांबे घोळवत राहिला आणि प्रत्येक थांब्यावर ते थोडं अधिक खरं झालं.

बाप फरशीवाला होता. घरात दोन मुलगे झाले तेव्हा बापानं वाटणी करून टाकली: मोठ्याचं डोकं चालतं, धाकट्याचे गुडघे. मोठा कॉलेजात गेला, इंजिनिअर झाला, एका मोठ्या ऑफिसात बसून दुसऱ्यांनी काढलेल्या नकाशांवर सह्या करू लागला. धाकटा चौदाव्या वर्षी बापामागं रांगायला लागला तो एक्कावन्नाव्या वर्षापर्यंत रांगतच होता, आणि आता गुडघेही चालेनासे झाले होते. मोठ्याच्या डोक्याबद्दल डॉक्टरांनी अद्याप काही म्हटलेलं नव्हतं. घरात एकदा धाकटा ठरलेला माणूस नातवंडं झाली तरी धाकटाच राहतो. मिस्त्रीलोकांतही त्याला धाकटाच म्हणत, बाप थोरला होता म्हणून. बापाचं एक वाक्य होतं, फट म्हणजे कबुली. सांधा रुंद दिसला की तो म्हणायचा, मिस्त्रीनं कबूल केलं बघ. त्याच्या फरश्या भिंतीला अशा भिडलेल्या असायच्या की मध्ये पोस्टकार्ड जायचं नाही, आणि तो खरंच खिशात पोस्टकार्ड ठेवायचा. बापाच्या मागं आई असायची. हे कुणी कुठं लिहिलेलं नाही. बाप लाद्या बसवत पुढं जायचा आणि आई मागून सांधे भरत यायची, पत्र्याच्या डब्यात कालवलेला मसाला, फडकं आणि उजव्या हाताची तर्जनी. बोटानं ती असा काही दाब द्यायची की सांध्यात एकसारखी, उथळ, गुळगुळीत पन्हळ पडायची, आणि कोपऱ्यात पोचली की बोट उचलताना एक छोटासा हिसका. तिथं स्वल्पविरामासारखा उंचवटा राहायचा. बाप त्यावर रोज चिडायचा. "काय तुझी ती सही," म्हणायचा. पुसायचा मात्र कधी नाही. या शहरातल्या शेकडो घरांच्या कोपऱ्यांत ते स्वल्पविराम आहेत आणि त्यावर लोक केरसुण्या मारतात. चाळीस वर्षांत आईच्या त्या बोटाचा ठसा गेला. एका सरकारी खिडकीवर यंत्र तिचं बोट घेईना, तेव्हा कारकून म्हणाला, "आजी, दुसरं बोट आणा."

धाकटा मेंब्रेन शिकून आला तेव्हा बाप अंथरुणाला खिळलेला होता. त्यानं बापाला समजावलं: खालच्या स्लॅबला भेग असते, स्लॅब हलतो, भेग हलते, आणि लादी स्लॅबला चिकटलेली असली की भेग वर चढून लादी फाडते. मध्ये ही पातळ गादी घातली की स्लॅब आपल्या जागी हलतो, लादी आपल्या जागी राहते, आणि पाणीही खाली उतरत नाही. बाप म्हणाला, "फरशीखाली सतरंजी? मग निजायला कोण येणार?" त्यानं प्रमाणपत्र बापाच्या हातात दिलं. बापानं ते वाचलं, उलटवलं, आणि म्हणाला, "मागं काही लिहिलं नाही." पुढच्या वर्षी बाप गेला. प्रमाणपत्र धाकट्याच्या खोलीत भिंतीवर होतं. त्या घरात चौकट घातलेली तेवढी एकच वस्तू होती, लग्नाच्या फोटोलाही ती मिळालेली नव्हती. त्यावर एक क्रमांक होता, आणि तो क्रमांक कंपनीच्या यादीत होता, आणि यादीत चाळीस मिस्त्री होते. लोक फोनवर विचारत, तुम्ही यादीतले का? तो म्हणे, हो. एवढंच. चौदाव्या वर्षापासून त्याच्याजवळ असं हो म्हणण्यासारखं दुसरं काही नव्हतं. आणि आज अकरा वाजता त्याच कंपनीचा माणूस दादाच्या बाथरूममध्ये उभा राहून ठरवणार होता की धाकट्याचं नाव त्या यादीत राहतं की नाही. दादानं त्याला बोलावलं होतं. आधी भावाला नाही, आधी कंपनीला. हे लक्षात आलं तेव्हा बस एका सिग्नलला उभी होती, आणि त्याला वाटलं खाली उतरून एखादी खिडकी फोडावी. त्यानं पेटीची कडी उघडली आणि पुन्हा लावली. शेजारचा गृहस्थ उठून दुसरीकडे जाऊन बसला.

त्या बाथरूममध्ये त्यानं जसं काम केलं तसं आयुष्यात केलं नव्हतं, हा रागाचा सगळ्यात तापलेला भाग होता. ते आईसाठी होतं. आई दादाकडे राहायला गेली, कारण दादाकडे लिफ्ट होती. थंडीत तिची पावलं निळी पडायची. बापामागं इतकी वर्षं ओल्या सिमेंटवर बसून काढल्यावर पायांकडून वेगळी अपेक्षाही नव्हती. दादानं तिच्या खोलीला लागून असलेल्या बाथरूममध्ये तापणारी फरशी करायची ठरवली. जुनी फरशी उखडली तेव्हा स्लॅबला दारापासून पाणी जायच्या जाळीपर्यंत वाकडी भेग निघाली, दादा ती बघून म्हणाला, "बुजवून टाक," आणि धाकटा म्हणाला, "बुजवलेली भेग आणि झाकलेलं पातेलं, आत काय शिजतंय कळत नाही." त्यानं भेग साफ केली, तळ झाडला, पुसला, पुन्हा पुसला. मेंब्रेनचे पट्टे कापले, खाली मसाला ओढला, पट्टा टाकून लाकडी फळीनं मधून कडेकडे दाबत नेला, एक कोपरा उचलून खालची पाठ पूर्ण माखली आहे का ते पाहिलं, पुन्हा टाकला. दोन पट्ट्यांच्या सांध्यावर चार बोटं रुंद पट्टी. भिंतीच्या कोपऱ्यांत मेंब्रेनचेच तयार कोपरे. मग जाळी बंद करून बाथरूममध्ये पाणी भरलं आणि चोवीस तास तसंच ठेवलं. आई दारात स्टूल टाकून बसली होती. "हे काय, तळं केलंस?" "गळतं का बघायचं." "आणि नाही गळलं तर?" "तर काढून टाकायचं." आई बराच वेळ पाण्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तुझ्या बापाला हे पटलं नसतं. पण त्यानं बघितलं असतं." पाणी केसभरही उतरलं नाही. मग केबल, नागमोडी, कुठंही एकीवर एक न चढवता. केबल कुठं तुटली नाही ना हे कळायला तिचा विद्युतरोध तीनदा मोजायचा: टाकायच्या आधी, टाकल्यावर, लाद्या बसवल्यावर. तिन्हीदा तोच आकडा. तो आकडा त्याला अजून आठवत होता, आपल्या मुलांच्या जन्मतारखा त्याला बायकोला विचाराव्या लागत.

आणि कड. भिंतीलगत चारी बाजूंनी दहा मिलिमीटर फट सोडायची, तिच्यात मसाला जाऊ द्यायचा नाही, शेवटी मऊ सिलिकॉन भरायचं. फरशी तापते तेव्हा वाढते, आणि वाढायला जागा नसेल तर बिचारी जाणार कुठं, मधोमध उचलली जाणार. प्रशिक्षणाच्या दुसऱ्या दिवशी शिकवणाऱ्यानं हे चाळीस वेळा सांगितलं होतं, प्रत्येक मिस्त्रीसाठी एकदा, कारण चाळीसही जणांना फट दिसली की हात शिवशिवायचा. धाकट्यानं फट सोडली. सांधे भरले. सिलिकॉनची नळी तिसऱ्या दिवशी घेऊन गेला, आणि पाहुणे आलेले होते. दादाच्या ऑफिसातले दोघं आणि त्यांच्या बायका. बाथरूमच्या दारात गर्दी होती, त्यातून तो नळी घेऊन पुढं सरकला, आणि दादा म्हणाला, "हे आमचे फरशीवाले." पाहुण्यांपैकी एकजण म्हणाला, "छान काम केलंत हो." आमचे. फरशीवाले. वर हे. आदरार्थी. आयुष्यात दादानं त्याला पहिल्यांदा मान दिला होता तो असा. वहिनींनी मान खाली घातली होती, हे त्याला दिसलं. आई आतल्या खोलीत होती. तिनं ऐकलं की नाही, हे त्याला कधी कळलं नाही. तो म्हणाला, "कडेचं राहिलंय, नंतर येतो," आणि नळी पिशवीत घालून निघून आला. नंतर म्हणजे परवा, असं त्यानं जिना उतरताना ठरवलं. मग पुढचा आठवडा. मग त्याला वाटलं, बोलावू दे. दादानं बोलावलं नाही. नळी पिशवीत कडक झाली. पण फट रिकामी राहिली तरी फरशीला त्रास काही नव्हता, तिला जागा मिळतच होती. थोडी धूळ जाते, वाईट दिसतं, एवढंच. म्हणजे फरशी उचलली जायला एकच कारण उरतं. तुला धीर नव्हता. बस त्याच्या थांब्यावर थांबली.

दार वहिनींनी उघडलं. "या भावजी," त्या म्हणाल्या, आणि आवाज खाली आणून, "सकाळपासून चिडलेत. तुम्ही तरी चिडू नका." "मी कुठं चिडलोय," तो म्हणाला, आणि पेटी अशी ठेवली की खालच्या मजल्यावरच्यांनी वर पाहिलं असावं. कंपनीचे साहेब आलेले होते. पन्नाशीचे, हातात फळीवर अडकवलेला फॉर्म, बुटांवर निळ्या प्लॅस्टिकच्या टोप्या. चालताना पिशवी चुरगळल्यासारखा आवाज व्हायचा. दादा बाथरूमच्या दारात हात मागं बांधून उभा होता, सही करण्यापूर्वी उभा राहतो तसा. आई आपल्या पलंगावर शाल गुंडाळून बसली होती. पायांत लोकरी मोजे होते. मधोमध दोन लाद्या कडेला कड लावून वर आल्या होत्या, हात जोडल्यासारख्या. धाकट्यानं त्या पाहिल्या. स्वतःचं काम तुटलेलं बघणं आणि ते दादासमोर बघणं, दोन्ही एकदम आलं.

"केबल कधी चालू केलीस?" त्यानं विचारलं.

"तू सांगितलंस तेव्हा."

"मी सांगितलं अठ्ठावीस दिवस."

"मग अठ्ठावीस दिवसांनी."

"पाहुणे आले तेव्हा नाही केली?"

"तेव्हा तर मी त्यांना गार फरशीवर उभं करून सांगत होतो की ही गरम होईल," दादा म्हणाला. "त्यातली एक बाई दुसऱ्या दिवशी शिंकत होती."

धाकटा हसला नाही. "यंत्रात बघू," तो म्हणाला. भिंतीवरच्या तापमानाच्या यंत्रात सगळं नोंदलेलं राहतं, हे त्याला माहीत होतं. दादाला माहीत नसेल, असं त्याला वाटलं होतं. दादानं स्वतःच बटणं दाबली, पडदा त्याच्यासमोर धरला. पहिल्यांदा चालू: एकोणतिसाव्या दिवशी, सकाळी सात. त्या दिवशी तापमान पंधरा. दुसऱ्या दिवशी सतरा. मग एकोणीस. रोज दोन अंश, कागदावर लिहून दिलं होतं तस्संच. आणि यंत्राच्या बाजूला, भिंतीला, धाकट्याच्याच हस्ताक्षरातला तो कागद अजून चिकटवलेला होता. प्रत्येक दिवसासमोर दादानं टिक केली होती. अठ्ठावीस टिका. लाल पेन्सिलीनं. धाकटा त्या टिकांकडे बघत राहिला. बसमध्ये इतकं घोळवलेलं ते वाक्य, तुला धीर नव्हता, त्याला आता धनी उरला नव्हता. माणूस एवढा नीट वागू कसा शकतो, हा एक नवीनच राग आला. ज्याच्यावर चिडायचं त्यानं चूक करून ठेवायची एवढी साधी रीतही दादाला पाळता आली नव्हती.

साहेब खाली वाकले, नाण्यानं लाद्या ठोकत गेले. टक, टक, टक, भद्द. "मसाला उत्तम आहे," ते फॉर्मकडे बघत म्हणाले. मग उचललेली एक लादी अलगद काढून घेतली. खाली मेंब्रेन जशीच्या तशी होती. तिच्याखाली ती वाकडी भेग होती आणि ती वर चढलेली नव्हती. बापाच्या सतरंजीनं आपलं काम चोख केलं होतं. "मेंब्रेनचा दोष नाही," साहेब म्हणाले, आणि त्यांच्या खांद्यांवरून काहीतरी उतरल्यासारखं झालं; ते तेवढंच बघायला आले होते. "थोडा चहा मिळेल का? मग कडा बघू." दादा आणि साहेब बाहेरच्या खोलीत गेले. टोप्यांचा आवाज गेला. धाकटा गुडघ्यांवर बसला, सवयीनं, आणि भिंतीजवळ सरकला.

फट नव्हती.

चारी बाजूंनी दहा मिलिमीटर जागा भरलेली होती, लाद्यांच्या सांध्यांचाच रंग, त्याच पिशवीतला. अर्धी पिशवी तो सज्जात ठेवून गेला होता, नंतर येतो म्हणून. त्यानं नखानं कड खरवडली. दगड. पहिली लाट दादाच्याच अंगावर गेली, दुसरा मिस्त्री आणला, माझ्या कामावर दुसरा मिस्त्री, असं त्याच्या तोंडापर्यंत आलं. मग त्याचं बोट त्या भरावावरून आपोआप पुढं सरकलं. उथळ, गुळगुळीत, एकसारखी पन्हळ. थापीनं अशी पडत नाही. तो भिंतीच्या कडेनं रांगत कोपऱ्यापर्यंत गेला. कोपऱ्यात स्वल्पविराम होता.

दारात सावली पडली. आई मोज्यांवर उभी होती, चौकटीला धरून. तिनं आधी मागं वळून बाहेरच्या खोलीकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"चांगली भरलीय ना?" तिनं विचारलं.

त्यानं बोट कोपऱ्यावरून उचललं.

"तू रागावून गेलास त्या दिवशी. लोक यायचे, बघायचे, एक बाई म्हणाली, कडेचं मिस्त्रीला जमलेलं दिसत नाही." तिनं शाल सावरली. "मला खपलं नाही. थोरला कामावर गेला की रोज एक बाजू करायची. साबणाच्या डबीत कालवलं. चार दिवस लागले, गुडघे पूर्वीसारखे नाहीत." मग हळूच, "हात बसलाय अजून. नाही का? पोस्टकार्ड जाणार नाही बघ."

तिनं उजवा हात शालीबाहेर काढला होता. तर्जनीच्या टोकाला, ठसा असायच्या जागी, कातडी चकचकत होती. धाकट्याच्या डोक्यात एकाच वेळी इतक्या गोष्टी उसळल्या की एकीलाही बाहेर पडायला वाट मिळेना. कोण म्हणाली, तिचं नाव सांग. तुला कुणी सांगितलं होतं. मला का नाही फोन केलास. चाळीस मिस्त्री चाळीस वेळा ऐकून आले की भरू नका, आणि जिच्या हातानं फटी भरल्या जातात तिला कुणी त्या वर्गात बसवलंच नाही. तिला बसवायचं कुणाला सुचलं होतं? बापाला नाही. त्याला स्वतःलाही नाही. त्यानं घरात कागद लिहून दिला होता, अठ्ठावीस दिवसांचा, त्यात कडेबद्दल एक ओळ नव्हती, कारण कडेला तो स्वतः येणार होता. परवा. सहा आकड्यांचा तो क्रमांक आणि चौकट आणि यादी, आणि एक नळी पिशवीत कडक होत होती, आणि त्याचं नाव राखायला सत्त्याहत्तर वर्षांची बाई ओल्या फरशीवर रांगत होती. तिला सांगावं, की हे तू मोडलंस. त्यानं तोंड उघडलं. आई वाट बघत होती. बाप बघायचा तसं डोकं एका बाजूला कलवून, कामाकडे, त्याच्याकडे नाही.

"चांगली भरलीय," तो म्हणाला.

"कोपरा?"

"कोपराही."

"तो तसाच राहतो," आई समाधानानं म्हणाली. "तुझा बाप चिडायचा."

टोप्यांचा आवाज परत आला. आईनं हात शालीत घेतला आणि ती पलंगाकडे वळली. साहेबांनी खिशातून लहानशी पट्टी काढली, कडेला घालून बघितली, ती गेली नाही. दुसऱ्या बाजूला बघितली. चारही. मग ते उभे राहिले आणि दुःखी चेहऱ्यानं, म्हणजे निकाल लागल्यावर अधिकारी करतात त्या चेहऱ्यानं म्हणाले, "कड बंद आहे. हेच कारण. फरशीला जागाच नाही. ही कोणी भरली?"

दादानं धाकट्याकडे बघितलं. पलंगाकडे त्यानं बघितलं नाही, आणि त्याला काही माहीत असावं असंही वाटलं नाही.

"मी," धाकटा म्हणाला.

"तू?" दादा म्हणाला. "अरे, तूच तर मला अर्धा तास व्याख्यान दिलंस, फट सोडायची म्हणून. मी ऑफिसात चार जणांना सांगितलं ते."

"वाईट दिसत होती."

"वाईट दिसत होती म्हणून भरलीस?"

"हो. फट म्हणजे कबुली."

ते वाक्य दादानंही लहानपणापासून ऐकलेलं होतं; त्यानं मागं बांधलेले हात सोडले. वहिनी धाकट्याकडे बघत होत्या. आई पलंगावर जाऊन बसली होती, पाय वर घेऊन, आणि तिच्या कपाळावर आठी होती. ती काय समजली होती कोण जाणे. तिला वाटलं असेल, पोरगं बापाच्या वरचढ निघालं, आईच्या कामाचं श्रेय घेतंय. तिनं तोंड दुसरीकडे फिरवलं. हे त्याला सगळ्यात जास्त लागलं, आणि यावर चिडायला आता घरात माणूसही शिल्लक नव्हतं.

साहेबांनी फॉर्म पुढं घेतला. "नियम असा आहे," ते म्हणाले, "प्रशिक्षित मिस्त्रीकडून अशी चूक झाली की नाव यादीतून निघतं. माझ्या हातात नाही ते."

"काढा," धाकटा म्हणाला.

"नीट विचार करा. दुसरं काही कारण असेल तर सांगा, लिहितो मी."

"मी भरली. लिहा." त्याचा आवाज चढला होता. "आणि या चारी कडा मी आजच उघडणार आहे. छिन्नीनं. कुणी मध्ये यायचं नाही."

"क्रमांक सांगा."

त्यानं क्रमांक सांगितला, सहाही आकडे, न अडखळता. आयुष्यात काही तरी दिल्यासारखं त्याला वाटलं, आणि देताना ते वजनदार असावं म्हणून त्यानं शेवटचा आकडा जरा सावकाश उच्चारला. साहेबांनी फोनमध्ये आकडे टाकले. वाट बघितली. पुन्हा टाकले. चष्मा वर केला.

"हे प्रमाणपत्र तीन वर्षांचंच असतं," ते म्हणाले. "नूतनीकरण करायचं असतं, मागच्या बाजूला बारीक अक्षरात आहे बघा."

"मागं काही नाही."

"मग जुना नमुना असेल तुमचा. कळवलं असेल कुणीतरी." ते पडदा सरकवत होते. "तुमची मुदत पंधरा महिन्यांपूर्वी संपली. म्हणजे ही फरशी घातलीत त्याच्या दहा महिने आधीच. यादीत तुम्ही नाहीच, तर नाव काढायचा प्रश्न येत नाही."

मग त्यांनी फॉर्म फळीवर नीट केला आणि 'बसवणाऱ्याचे नाव' या रकान्यात लिहिलं, लागू नाही.